ज्या वर्षी मी खांबावर चढायला शिकले

आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यायचा हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. बारावी झाल्यावर बाबा मला घेऊन वर्ध्याच्या आयटीआयमध्ये गेले ते शिवणकामासाठी. बाबा एका शाळेत बाबू होते. मुलीनं घरबसल्या करता येईल असं काहीतरी शिकावं, एवढीच त्यांची अपेक्षा. ते खिडकीपाशी रांगेत उभे होते, मी त्यांच्या मागे. आमच्या पुढे एक उंच, किडकिडीत मुलगा होता. त्यानं आमचं बोलणं ऐकलं असावं. वळून तो बाबांना म्हणाला, "काका, शिवणकाम तं घरीही शिकता येते. ताईले इलेक्ट्रिशियन घेऊन द्या. सरकारी जागा निघते त्याच्यात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. अशा रीतीनं माझा ट्रेड ठरला.

पुढे त्या 'ताई'वरून आम्ही दोघं किती वर्षं हसलो असू. तो सिंदी रेल्वेचा. त्याचे वडील तिथल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या काट्यावर घ्यायचे. मी बोरगाव मेघेची. वर्गात आम्ही तीनच मुली होतो आणि पहिले काही महिने शिक्षकही आम्हाला पकडीऐवजी वही हातात देत. तो मात्र मला मुद्दाम बोर्डाशी उभी करायचा. "तूच जोड," म्हणायचा. "चुकलं तं फ्यूज जाईन, दुसरं काय होते." माझ्या हातांना त्या कामाची गोडी लागली ती त्याच्यामुळे. हे मी आजही नाकारत नाही.

आयटीआय संपल्यावर आम्ही दोघं वीज कंपनीच्या परीक्षेचा अभ्यास करू लागलो. त्याचं गाव तिकडे, माझं इकडे, म्हणून भेटायचं ठिकाण सेलूच्या फाट्यावरची पोह्याची टपरी. तिथल्या बाकावर पुस्तकं पसरून बसायचो. घरी दोन्हीकडे माहीत होतं. त्याच्या आईनं एकदा मला संक्रांतीचं वाण दिलं होतं आणि माझे बाबा त्याच्याशी जावयासारखंच बोलायचे. नोकरी लागली की लग्न, हे कोणी तोंडानं बोललं नव्हतं, पण सगळे तसंच धरून चालले होते.

निकाल लागला. माझं झालं आणि त्याचं थोडक्यात हुकलं.

ही बातमी मला त्यानंच फोन करून दिली. "निघालं तुह्यं," म्हणाला. आवाजात खराखुरा आनंद होता. मी विचारलं, "अन् तुह्यं?" तो म्हणाला, "माह्यं पुढच्या वेळी." मी त्यावर विश्वास ठेवला. त्याचाही बहुतेक त्या क्षणी स्वतःवर विश्वास असावा. पण मग फोन कमी होत गेले. मी केला तर उचलायचा, पण बोलणं हवापाण्यावर येऊन थांबायचं. थंडी पडायला लागली होती तेव्हा त्यानं मला टपरीवर बोलावलं. चहा आला. तो ग्लास हातात फिरवत बसला.

"घरी बोलणं झालं," तो म्हणाला.

"काय म्हणते?"

"आई म्हणते, सून खांबावर चढते अन् पोरगा घरी बसते, हे गावात कसं दिसते."

"अन् तू काय म्हणतो?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मलेच नाई जमणार. रोज सकाळी तू युनिफॉर्म घालून निघशील अन् मी पाहीन. तुह्याशी खोटं नाई बोलता येत मले."

"पुढच्या वर्षी तुह्यंही होईन ना."

"होईन तं होईन. पण तोवर मी तुह्यावर राग राग करीन. तू काई केलं नसताना."

त्यानं सगळं आईच्या नावावर ढकललं असतं तर मला रागावता तरी आलं असतं. तो खरं बोलला, त्यामुळे माझ्याकडे काहीच उरलं नाही. मी स्कूटी काढली आणि घरी आले. रस्त्यात कुठे थांबले, कुठे नाही, मला आठवत नाही.

आईनं दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही. ताट वाढलं. मी ताटावर बसून रडत होते. ती समोर बसली. "रडायचं तं रड," म्हणाली, "पण घास घेत घेत रड." बाबा आतल्या खोलीतून आले, सगळं समजल्यावर म्हणाले, "पोरगं चांगलं होतं." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाण्याचा तांब्या घेऊन परत आत गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. मी आईला म्हटलं, नाही जात. ज्या नोकरीपायी हे झालं ती नोकरीच नको. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "ते नाई राह्यलं. आता हेही नाई ठेवलं, तं तुह्यापाशी राह्यलं काय?" तिनं हे समजूत काढायच्या सुरात म्हटलं नव्हतं. ती खरोखर विचारत होती. मी रुजू झाले.

माझं कार्यालय केळझरच्या बाजूचं. एक साहेब, काही लाइनमन आणि कंत्राटावरची काही माणसं. त्यांत एक लाइनमन सगळ्यांत मोठे, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फोनजवळची खुर्ची दाखवली. "इथं बसजो बेटा. तक्रारी घेजो."

मग मी तक्रारी घेऊ लागले. त्या दिवसांत फोन वाजला की आधी वाटायचं, तोच असेल. आणि पलीकडून आवाज यायचा, "म्याडम, आमच्या इकडं लाइट नाई." दिवसातून कितीदा तरी माझं मन असं वर जायचं आणि कोणाच्या तरी गेलेल्या फ्यूजवर येऊन आपटायचं. सांगायला आज हसू येतं. तेव्हा आलं नाही. पण त्याचा एक फायदा झाला. समोरच्या माणसाला उत्तर द्यावंच लागायचं. गावाचं नाव, कोणती डीपी, केव्हापासून गेली. डीपी म्हणजे गावाबाहेरचा तो ट्रान्सफॉर्मर. महिनाभरात मला आमच्या हद्दीतली प्रत्येक डीपी कुठल्या चिंचेखाली किंवा कोणाच्या वावराच्या बांधावर आहे ते पाठ झालं.

पण खांब काही मिळेना. मी काकांच्या मागे लागले. "काका, मले कामावर नेत जा."

"नेतो ना. घाई काऊन करून राह्यली?"

"मी काई फोन उचलाची परीक्षा नाई दिली."

त्यावर बाकीचे हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं. डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात एका घराकडे जाणारी तार खांबावरून निसटली होती. काम छोटं. लाइन बंद केली, तपासली. शिडी खांबाला दोरानं बांधली. काकांनी माझ्या कमरेचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "जाय."

आयटीआयमध्ये मी चढले होते. खाली सगळी वर्गातली पोरं, आणि त्यांत तो. इथे चावडीसमोर माणसं जमली होती. बाई खांबावर चढते हे पाहायला पानठेल्यावरचेही उठून आले. अर्ध्यावर जाईपर्यंत मी बरी होते. मग सहज खाली पाहिलं. खाली तो नव्हता. नसणारच होता. पण माझ्या पायांना जणू ते तेव्हाच कळलं. पोटऱ्यांना कापरं भरलं. शिडीची पायरी मी इतकी घट्ट धरली की बोटं सोडवेनात. वर जाता येईना आणि खालीही येता येईना. खालून कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. पानठेल्यावरचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "आता बाया लाइन पाहून राह्यल्या. आली बाप्पा आपली लाइट." लोक हसले.

काकांनी वर पाहिलं. "ये बेटा खाली. एक एक पाय. घाई नाई." आणि मी उतरल्यावर, गुडघे दुखत असतानाही ते स्वतः वर चढले. मी खाली शिडी धरून उभी होते. मान वर करायची सोय नव्हती.

परत येताना रस्त्याच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली. "भेव कायचं वाटलं? उंचीचं?"

"नाई."

"मंग?"

मी कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. फार नाही, दोन-चार वाक्यांत. लग्न ठरल्यासारखं होतं, मोडलं. वर गेल्यावर वाटलं, आता धरायला कोणी नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, वर कोणीच कोणाले धरत नाई. माही बायको काय मले धराले येते काय? पट्टा धरते. पट्ट्यावर भरोसा ठेवाले शीक." आणि किक मारली.

आमच्या कार्यालयामागे एक जुना खांब उभा होता. त्यावर ना तार ना काही. साहेबांना विचारून मी त्यावर सराव सुरू केला. कार्यालय उघडायच्या आधी पोचायचं, काका शिडी बांधून द्यायचे आणि खाली बसून बिडी ओढायचे. पहिल्या दिवशी मी अर्ध्यापर्यंतच गेले. काका म्हणाले, "आता हात सोड. दोन्ही." पट्टा खांबाला होता, तरी सोडवेनात. ते दुसरी बिडी पेटवून वाट पाहत बसले. शेवटी मी सोडले. पट्टा कमरेत रुतला, पण मी तिथेच होते. हवेत, हात मोकळे, आणि पडले नव्हते. मी तशीच थोडा वेळ राहिले. त्या क्षणी मला इतकं रडू आलं की काकांनी मान दुसरीकडे वळवली.

सराव चालू झाला तसं बाकीचंही थोडं थोडं हललं. बोरगावहून केळझरला जायला सेलूवरूनच रस्ता. टपरी आली की मी मान उजवीकडे वळवून गाडी पुढे काढायची. एका सकाळी भूक लागली होती, आणि मला स्वतःचाच कंटाळा आला. गाडी लावली आणि त्याच बाकावर जाऊन बसले. टपरीवाल्यानं पाहिलं. "आज एकटीच?"

"आता एकटीच येत जाईन."

त्यानं प्लेट भरली. "तर्री जास्त टाकू काय?"

"टाका."

पोहे इतके झणझणीत होते की डोळ्यांतून पाणी आलं आणि कोणाला काही सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशीही मी थांबले. काही दिवसांनी ती टपरी नुसती टपरी झाली. तिथं पोहे चांगले मिळतात, एवढंच.

एका रविवारी आई म्हणाली, तिला मला खांबावर चढताना पाहायचं आहे. मी नको म्हटलं, पण ती स्कूटीवर मागे बसलीच. रविवार असूनही माझ्यासाठी काका आले. आई त्या जुन्या खांबाखाली पदर मुठीत धरून उभी राहिली. मी टोकापर्यंत गेले, पट्टा लावला, हात सोडून दाखवले. खाली आईचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती ओरडली नाही. थोड्या वेळानं तिनं खालून विचारलं, "वरून काय दिसते व?"

मी पाहिलं. इतके दिवस मी वर जाऊन फक्त माझे हात पाहत होते. मी तिला सांगू लागले. डोंगर दिसतो. गणपतीच्या देवळाचा कळस दिसतो. नागपूरच्या रस्त्यावरचे ट्रक दिसतात, मुंगीसारखे. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या दिसतात, आणि मधे कोणाचा तरी हिरवागार गहू.

आई म्हणाली, "मंग लवकर उतरू नको. सारं पाहून घे."

उन्हाळा लागेपर्यंत मी कामाला लागले होते. छोटी कामं मीच करायचे. लोक अजूनही थांबून पाहायचे, पण काम लवकर संपायचं त्यामुळे त्यांना फार काही पाहायला मिळायचं नाही. फोनजवळच्या खुर्चीवर आता कंत्राटावरचे एक गृहस्थ बसत.

मे महिन्यात एका संध्याकाळी वावधन सुटलं. दिवसभर अंगाची लाही लाही आणि दिवस मावळायला आकाश काळं होऊन असा वारा सुटला की आमच्या कार्यालयाचे पत्रे थडाथडा वाजू लागले. वर गारा. सकाळी बाहेर पडलो तर रस्त्यावर बाभळी आडव्या. आमच्या हद्दीतली निम्मी गावं बंद होती. साहेबांनी माणसं वाटली. डोंगराकडची लाइन काका आणि माझ्याकडे आली, सोबत कंत्राटावरचे दोघे. त्या लाइनच्या टोकाला तेच गाव होतं, जिथे मी अर्ध्या शिडीवर अडकले होते.

निघताना काका मोटारसायकलवर बसायला पाय उचलायला गेले आणि खाली बसले. गुडघा सुजला होता. आदल्या संध्याकाळी वादळात धावपळ करताना मुरगळला होता, त्यांनी सांगितलंच नव्हतं. साहेब म्हणाले, दुसरा माणूस नाही माझ्याकडे. काका म्हणाले, "दुसरा कायले पायजे? ही हाय ना. मी खालून पाहतो."

तो दिवस मी कधी विसरणार नाही. सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घ्यायची, आपण स्वतः तपासायची, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून तारेला अर्थिंग लावायचं आणि मगच शिडीला हात. प्रत्येक खांबाला हेच, अगदी देवपूजेसारखं. एके ठिकाणी कडुनिंबाची फांदी तारेवर. एके ठिकाणी चिनी मातीचं इन्सुलेटर फुटलेलं. उन्हानं शिडी अशी तापलेली की हातमोज्यातूनही चटका बसायचा. मी चढत होते, उतरत होते, पुढच्या खांबाला जात होते. काका झाडाच्या सावलीत पाय लांब करून बसलेले आणि खालून ओरडायचे ते फक्त एवढंच, "पट्टा?" मी वरून म्हणायचे, "लावला."

गावाच्या अलीकडे एक नाला आहे. त्याच्यावरची तार तुटून खाली पडली होती. ती ओढून पुन्हा वर घ्यायला आम्ही चौघं पुरे पडणार नव्हतो. गावातून माणसं आली. गावाची पाण्याची टाकी आदल्या दिवसापासून रिकामी, मोटर बंद, त्यामुळे बायाही घागरी घेऊन टाकीपाशी बसलेल्या. दोर धरायला पुढे आलेल्यांत पानठेल्यावरचा तोच माणूस होता. मी त्याला ओळखलं. त्यानंही मला ओळखलं असावं, कारण तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मी वर गेले. खालून त्यांनी दोर ओढायला सुरुवात केली आणि तार हळूहळू नाल्यातून उचलत माझ्या उंचीला आली. वारा पुन्हा सुटला होता. खांब किंचित हलल्यासारखा वाटला. एकदा पोटऱ्यांत ती जुनी लहर आली, ओळखीची. मी कमरेचा पट्टा चाचपला, दोन्ही हात मोकळे केले आणि तार पकडली.

"ताई," खालून आवाज आला, "अजून ओढू काय?"

पानठेल्यावरचा तो माणूस होता. दोर कमरेला गुंडाळून, पाय रोवून उभा, मान वर करून माझ्या उत्तराची वाट पाहत.

"थोडंसं. बस. धरून ठेवा आता, सोडू नका."

"नाई सोडत."

मी तार बसवली, बांधली, पुन्हा तपासली. खाली आले. सगळ्यांना लांब उभं केलं, अर्थिंग काढलं, माणसं मोजली. मग सबस्टेशनला फोन लावला. असे फोन नेहमी काका करायचे. त्यांनी फोन माझ्याच हातात राहू दिला.

"तुमचे सगळे खाली हाय ना म्याडम?" ऑपरेटरनं विचारलं.

"सगळे खाली हाय. लाइन चार्ज करा."

एक-दोन श्वास काही झालं नाही. मग गावाबाहेरच्या डीपीनं घूं असा आवाज धरला. कोणाच्या तरी घरात टीव्ही मोठ्यानं सुरू झाला, पिठाची गिरणी घरघरली आणि टाकीत पाणी पडायला लागल्याचा आवाज आम्हाला नाल्यापर्यंत ऐकू आला. बाया उठल्या. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, घागरी भरायच्या होत्या. पण एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं माझ्या हातात पन्ह्याचा गडवा दिला. मी तोंडाला लावला. "सारं पेजो," ती म्हणाली, "मंग देजो गडवा." मी उभ्या उभ्या सगळं प्यायले. हातमोजे काढले तर तळहात लाल झाले होते. ते मला इतके आवडले की मी पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

काका गाडीवर मागे बसले होते आणि गाडी मी चालवत होते. ते म्हणाले, "आता मी रिटायर व्हाले मोकळा." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

त्याची आणि माझी भेट झाली ती दिवाळीनंतर. आमच्याच हद्दीत एका घराच्या गच्चीवर सोलरची पॅनेलं बसवली होती आणि जोडणी देण्याआधी ती तपासायला मी गेले. जिना चढून वर गेले तर बसवणारा माणूस तो. त्यानं एका मित्राबरोबर सोलर बसवायचं काम सुरू केलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी येणार हे त्यालाही माहीत नसावं. तो उभा राहिला, हात पुसत. अंगानं थोडा भरला होता.

"बरी हाय?"

"बरी हाय. तू?"

"चाललं."

मी माझं काम केलं. अर्थिंग पाहिलं, वायरिंग पाहिलं, स्विच पाहिले. तारा सरळ, वळणं नीटनेटकी, कुठे सैल काही नाही. त्याचा हात पहिल्यापासून चोख. तो बाजूला उभा राहून पाहत होता, परीक्षा देणाऱ्यासारखा. मी म्हटलं, "काम मस्त हाय. काहीच काढाले जागा नाई."

तो हसला, मग गंभीर झाला. "त्या वावधनात डोंगराकडची लाइन तूच घेतली म्हणे. सिंदीपर्यंत बोलून राह्यलेते लोक."

"काका होते सोबत."

"मले लाज वाटली ऐकून. अन् बरंही वाटलं. दोन्ही." त्यानं हात पुन्हा पुसले. "तू अजून रागात हाय काय माह्यावर?"

मी खरंच आत शोधून पाहिलं. राग कुठे सापडला नाही. थोडं दुखलं, पूर्वी मुरगळलेल्या पायासारखं, पाऊस येणार असला की दुखतो तसं. पण त्यावर चालता येत होतं. "नाई," मी म्हटलं. "तू मले इलेक्ट्रिशियन घ्याले लावलं होतं. त्याच्यासाठी तुले धन्यवाद म्हणाचं राहूनच गेलतं. आता म्हणते."

त्यानं मान हलवली. घराच्या मालकीणबाईंनी चहा वर पाठवला. आम्ही गच्चीवर उभ्या उभ्या प्यायलो आणि सोलरच्या नव्या दरांवर बोललो. मग मी सही केली आणि खाली उतरले. जिन्यात मला गाणं गुणगुणावंसं वाटलं आणि मी गुणगुणले.

माझी उमेदवारीची वर्षं संपायला आता थोडाच काळ राहिला आहे. काका निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, काकांनी केलं नाही. नव्यानं आलेल्या मुलांचे पट्टे आता मी दोनदा ओढून पाहते.

परवा आईचा फोन आला. मी खांबावर होते म्हणून उचलला नाही. उतरल्यावर लावला. आई म्हणाली, पुलगावहून एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगल्या नोकरीत, घर चांगलं, माणसं बोलायला गोड. मुलाच्या आईनं विचारलं, पोरगी लग्नानंतर हे काम सोडेल ना.

"मंग तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"म्हटलं, पोरगी आता खांबावर हाय, फोन नाई उचलत. पण विचारून फायदा नाई. चहा प्या अन् जा."

"आई, असं म्हणते काय कोणी पाहुण्यांले?"

"चहा पाजला ना. पोहेही देल्ते," आई म्हणाली. "आज केव्हा येशील? भरीत करून राह्यली."

मी सांगितलं, अजून एक खांब बाकी आहे, तो झाला की निघते.